बीगलबोन ब्लॅकवर एसडी कार्डावरून डेबियन: नवे कार्ड घालूनही जुनीच प्रणाली का चालू होते?

प्रश्नाचा आशय असा आहे. बीगलबोन ब्लॅक हा एका छोट्या पाटीवरचा संपूर्ण संगणक, म्हणजे बोर्ड, काही वर्षांपूर्वी घेतलेला असून त्याच्या अंतर्गत मेमरीत कारखान्यातून आलेली जुनी प्रणाली अजून तशीच आहे. १६ जीबीच्या मायक्रोएसडी कार्डावर डेबियन या लिनक्स प्रणालीची नवी इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी उतरवायची तयार प्रत, लिहिली, कार्ड खाचेत बसवले आणि वीज दिली, की कधी जुनीच प्रणाली चालू होते, तर कधी नुसता पॉवरचा दिवा लागून राहतो आणि पुढे काही घडत नाही. कार्ड बदलून पाहिले, इमेज पुन्हा लिहून पाहिली, तरी फरक पडला नाही. कार्डावरून डेबियन व्यवस्थित कसे चालवावे, आणि जमल्यास ते अंतर्गत मेमरीत कसे उतरवावे?

अशा तक्रारींत दोष सहसा इमेजमध्ये नसतो, आणि कार्डातही क्वचितच असतो. बोर्डाने बूटलोडर, म्हणजे प्रणाली मेमरीत आणून सुरू करून देणारा प्रोग्रॅम, नेमका कुठून उचलला हे न पाहता आपण कार्ड बदलत राहतो आणि त्यातच वेळ जातो. म्हणून कार्ड तिसऱ्यांदा लिहिण्याआधी बोर्ड सुरू होण्याचा क्रम समजून घ्यावा. उरलेले बरेचसे त्यातूनच उलगडते.

या बोर्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ हा प्रोसेसर आहे: एक कॉर्टेक्स-ए८ गाभा, १ गिगाहर्ट्झ, सोबत ५१२ एमबी डीडीआर३ मेमरी. संगणकावर सुरुवात करून देणारा बायोस असतो, तसा येथे नाही. चिपच्या आतील रॉममध्ये एक छोटा, न बदलता येणारा प्रोग्रॅम आहे. वीज मिळताच तो काही ठरावीक पिनांवरील पातळ्या वाचतो आणि बूटलोडर कुठे कुठे शोधायचा याची यादी त्यावरून ठरवतो. एस२ हे बटण दाबलेले नसेल तर यादी अशी: आधी ईएमएमसी (हीच बोर्डाची अंतर्गत मेमरी), मग एसडी कार्ड, मग सिरियल तार, मग यूएसबी. एस२ दाबलेले असेल तर यादी बदलते: आधी एसपीआय जोडणीवरची मेमरी, मग एसडी कार्ड, मग यूएसबी, मग सिरियल. या दुसऱ्या यादीत ईएमएमसीचे नावच नाही, हे महत्त्वाचे.

रॉमला जिथे एमएलओ नावाचा पहिला टप्पा सापडतो, तिथून ती तो चिपच्या आतल्या मेमरीत घेते. ही जागा जेमतेम शंभर केबीच्या थोडी वर आहे; म्हणूनच बूटलोडर दोन टप्प्यांत विभागलेला असतो. एमएलओ डीडीआर मेमरी चालू करतो आणि मग पूर्ण आकाराचा यू-बूट तिच्यात आणतो. यू-बूट आपली यूएन्व्ह ही मजकूर-फाइल वाचतो, कर्नल (प्रणालीचा गाभा) व डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे याचे वर्णन) मेमरीत ठेवतो आणि कर्नलकडे सूत्रे देतो. त्यानंतर कर्नल मूळ फाइलप्रणाली माउंट करतो, म्हणजे वापरासाठी जोडून घेतो, आणि डेबियन म्हणून आपण जे ओळखतो ते तेव्हा कुठे सुरू होते.

आता तुमच्या बोर्डाकडे या क्रमातून पाहा. एस२ न दाबता वीज दिली आणि ईएमएमसीत जुना बूटलोडर शाबूत असला, तर खाचेत कोणतेही कार्ड असले तरी चालतो तो जुनाच यू-बूट. हा यू-बूट स्वतः सुरू झाल्यावर कार्डात डोकावतो, आणि त्याला ओळखीची रचना दिसली तर कार्डावरचा कर्नल उचलतोही. म्हणून ‘बटण न दाबताही माझे कार्ड चालते’ असे सांगणारे अनेक जण भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. मात्र ही अर्धी जुनी, अर्धी नवी जोडणी असते. २०१३ साली हा बोर्ड बाजारात आला तेव्हा त्यात २ जीबी ईएमएमसी आणि आंग्स्ट्रॉम हे लिनक्स वितरण होते. २०१४च्या सी आवृत्तीपासून ४ जीबी ईएमएमसी आणि डेबियन आले. त्या काळातला यू-बूट कार्डाच्या पहिल्या फॅट पार्टिशनमध्ये आपल्या फाइली शोधतो. पुढच्या काळातील अनेक इमेजांत असे पार्टिशनच नाही: एकच ईएक्सटी४ पार्टिशन ४ एमबीपासून सुरू होते, आणि बूटलोडर त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत, एमएलओ १२८ केबीवर व यू-बूट ३८४ केबीवर, फाइलप्रणालीविना थेट लिहिलेला असतो. जुन्या यू-बूटला ही मांडणी कळत नाही. मग तो एकतर ईएमएमसीकडे परत वळतो, म्हणजे तुम्हाला जुनी प्रणाली दिसते, किंवा अर्ध्यावर अडकतो. तुमची दोन्ही लक्षणे यातून उद्भवू शकतात.

उपाय साधा आहे, पण तो काटेकोरपणे करावा लागतो. एस२ हे बटण बोर्डाच्या वरच्या बाजूला, कार्डाच्या खाचेच्या टोकाशी आहे. इथरनेटच्या टोकाकडील दोन बटणे रीसेट व पॉवरची आहेत आणि त्यांचा येथे उपयोग नाही. पिनांच्या पातळ्या केवळ वीज नव्याने मिळते त्या क्षणी वाचल्या जातात. त्यामुळे एस२ धरून रीसेट दाबल्याने काहीही बदलत नाही, आणि अनेकांचा घोटाळा नेमका इथेच होतो. बोर्डाची वीज पूर्ण काढावी. अॅडॅप्टर काढून यूएसबीची तार तशीच ठेवली तर बोर्ड चालूच राहतो. कार्ड बसवावे, एस२ दाबून धरावे, त्याच स्थितीत वीज द्यावी आणि एक-दोन सेकंदांनी, चार निळे दिवे हलू लागल्यावर, बटण सोडावे. बोर्डाच्या पी८ या जोडपट्टीवर काही सर्किट लावलेले असेल तर या चाचणीपुरते ते काढून ठेवावे. त्या पट्टीवरच्या ३१ ते ४६ या पिना आणि रॉम वाचते त्या पिना एकच आहेत. बाहेरच्या सर्किटाने त्यांतली एखादी ओढून धरली तर बूटची यादीच बदलते.

एवढ्याने काम झाले तर उत्तमच. नाही झाले, तर मागे जाऊन इमेज, कार्ड आणि वीज या तिन्हींची खातरजमा करावी लागेल.

इमेज बीगलबोर्ड डॉट ऑर्गची, याच बोर्डासाठीची, घ्यावी. डेबियनच्या नेहमीच्या संगणकी डिस्कचा येथे उपयोग नाही. रास्पबेरी पायची इमेज तर मुळीच चालणार नाही, कारण त्या बोर्डाची सुरुवातच वेगळ्या पद्धतीने होते आणि त्या कार्डावर आपल्या रॉमला हवा असलेला एमएलओ नसतो. कॉर्टेक्स-ए८ हा ३२ बिटांचा गाभा आहे. फाइलीच्या नावात एआरएमएचएफ (३२ बिटांची खूण) असावे, एआरएम६४ (६४ बिटांची) नव्हे. नावात ‘फ्लॅशर’ हा शब्द असेल तर हात आवरावा. ती इमेज कार्डावरून चालवण्यासाठी नसते. ती बोर्ड सुरू होताच काहीही न विचारता ईएमएमसी पुसून स्वतःची प्रत तिथे उतरवते. उतरवून घेतलेल्या फाइलीची एसएचए२५६ बेरीज संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अर्धवट उतरलेली फाइल लिहिताना कुरकुर करेलच असे नाही.

कार्ड लिहिण्यासाठी विंडोजवर बॅलेना एचर वापरले तरी चालते. ते लिहून झाल्यावर पडताळाही घेते. त्यानंतर विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विचारते, त्याला नकारच द्यावा. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलप्रणाली त्याला वाचता येत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. लिनक्सवर मी डीडी ही माहिती जशीच्या तशी उतरवणारी आज्ञा पसंत करतो. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.) कार्ड घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर एकदा एलएसबीएलके, म्हणजे डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा, चालवावी आणि नव्याने दिसलेले नाव हेरावे. कार्ड-रीडर यूएसबीचा असेल तर ते एसडीबी किंवा एसडीसी असे दिसते, लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत एमएमसीबीएलके० असे. एसडीए ही बऱ्याचदा तुमचीच हार्ड डिस्क असते आणि डीडी दयामाया दाखवत नाही, त्यामुळे आकारमानही पाहून घ्यावे. कार्डावरची पार्टिशने आपोआप माउंट झाली असतील तर ती अनमाउंट करावीत. मग एक्सझेडकॅटने इमेज उलगडत ती पाइपमधून डीडीला द्यावी, ठोकळ्याचे माप ४ एमबी ठेवावे आणि शेवटी एफसिंक करण्याचा, म्हणजे सगळे खरोखर कार्डावर पोचेपर्यंत थांबण्याचा, पर्याय द्यावा. लिहायचे ते संपूर्ण उपकरणावर, म्हणजे एसडीबीवर. एसडीबी१ या पार्टिशनवर लिहिल्यास सगळे काही एका ठरावीक अंतराने सरकते, १२८ केबीवर एमएलओ उरत नाही आणि रॉमला ते कार्ड रिकामेच वाटते. आज्ञा चुकल्याचे मात्र कुठेही सांगितले जात नाही.

कार्डाबद्दल थोडेच सांगतो. ४ जीबीची इमेज १६ जीबीच्या कार्डावर सहज मावते. त्याहून मोठ्या कार्डाने काही बिघडत नाही, पण खोटी क्षमता सांगणारी कार्डे बाजारात मुबलक आहेत, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेली असोत की घरपोच मागवलेली. ६४ जीबी छापलेल्या कार्डात खरी चिप ८ जीबीची असली, तर सुरुवातीचे काही जीबी नीट चालतात आणि पुढचे लिहिणे हरवते किंवा आधीच्या माहितीवर चढते. एफ३ हे साधन संपूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचते आणि हा प्रकार उघडा पाडते. वेळ लागतो, पण नव्या कार्डावर एकदा ही चाचणी घ्यावीच.

वीज हा दुर्लक्षित विषय आहे. लॅपटॉपच्या यूएसबीमधून मिळणारे ५०० मिलिअँपिअर एकट्या बोर्डाला बहुधा पुरतात, परंतु यूएसबीवर वायफायचे डोंगल किंवा वर एखादा केप (बोर्डावर बसवायचा जोडबोर्ड) असेल तर व्होल्टेज खाली जाते आणि बोर्ड मध्येच बंद पडतो. ५ व्होल्टचा, किमान १ अँपिअरचा, शक्यतो २ अँपिअरचा अॅडॅप्टर गोल जॅकमध्ये लावावा. जॅकचा बाह्य व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतला २.१ मिलिमीटर असतो, आणि मधली पिन धन असते. त्याच आकाराचे १२ व्होल्टचे अॅडॅप्टर राउटरसोबत मिळतात आणि सहज बसतात, म्हणून लावण्याआधी त्यावरचा आकडा वाचावा.

आता मुख्य मुद्दा. दिव्यांकडे पाहून निदान करणे थांबवा आणि बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणारी सिरियलची तार लावा. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अॅडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो आणि एम्बेडेड लिनक्सचे काम करणाऱ्याच्या टेबलावर तो असायलाच हवा. बोर्डावर जे१ ही सहा पिनांची पट्टी आहे. पहिली पिन ग्राउंड, चौथ्या पिनेवर बोर्ड ऐकतो, पाचवीवर बोर्ड बोलतो. अर्थात अॅडॅप्टरची टीएक्स (पाठवणारी तार) चौथीला आणि आरएक्स (घेणारी) पाचवीला जोडावी. अॅडॅप्टरची व्हीसीसी, म्हणजे वीज देणारी, तार मोकळीच ठेवावी, आणि ५ व्होल्ट पातळीचा अॅडॅप्टर अजिबात लावू नये, कारण या चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. सिरियलचा मजकूर दाखवणारा मिनिकॉम हा प्रोग्रॅम वापरत असाल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. ते चालू असले की पडद्यावर मजकूर येतो पण तुमचे टंकलेखन बोर्डापर्यंत पोचत नाही, आणि लोक कीबोर्डला दोष देत बसतात.

तार लावून, एस२ धरून वीज दिली की पहिल्या दोन सेकंदांत कळायचे ते कळते.

पडद्यावर काही क्षणांच्या अंतराने नुसते रोमन ‘सी’ हे अक्षर उमटत राहिले, तर रॉमला कुठेच एमएलओ सापडलेला नाही आणि ती आता सिरियलवरून कोणी तो पाठवील याची वाट पाहत आहे. चिप जिवंत आहे, वीज ठीक आहे, तार ठीक आहे. फक्त कार्डाची सुरुवात वाचता आलेली नाही. अशा वेळी कार्ड पुरते आत बसले आहे का, इमेज पूर्ण उपकरणावर लिहिली का, आणि ती याच बोर्डाची आहे का, एवढेच तपासावे. डेबियनच्या आत काही बदलण्याचा प्रश्नच येत नाही, कारण गाडी तिथवर पोचलेली नाही.

यू-बूट एसपीएल (एमएलओचेच दुसरे नाव) असे म्हणणारी ओळ आली तर एमएलओ चालला. तिच्या लगेच खाली ‘ट्राइंग टु बूट फ्रॉम एमएमसी१’ किंवा ‘एमएमसी२’ असे छापले जाते, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका आकड्यात आहे. येथे एमएमसी१ म्हणजे एसडी कार्ड आणि एमएमसी२ म्हणजे ईएमएमसी. पुढे यू-बूटच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये तीच दोन उपकरणे ० आणि १ या क्रमांकांनी येतात. ही विसंगती ज्याने ठेवली त्याला नवशिक्यांशी काही वैर असावे. एसपीएलच्या ओळीत यू-बूटची आवृत्ती व ती बनवल्याची तारीखही असते. नवी इमेज घालूनही तिथे २०१३ किंवा २०१४ दिसले, तर तुम्ही अजून ईएमएमसीतलाच बूटलोडर चालवत आहात, मग पुढे काहीही दिसो.

‘स्टार्टिंग कर्नल’ या ओळीनंतर शांतता पसरली तर घाबरून वीज काढू नये. कर्नल चालू असण्याची, पण तो भलत्याच नावाच्या सिरियल पोर्टवर बोलत असण्याची शक्यता बरीच असते. जुन्या कर्नलमध्ये या पोर्टचे नाव टीटीवाय, त्यापुढे ओ हे अक्षर आणि मग शून्य असे होते. पुढे ड्रायव्हर बदलला आणि ओच्या जागी एस आला. जुन्या यूएन्व्हमधून आलेला कन्सोलचा पर्याय नव्या कर्नलला मिळाला की असे मौन पडते. इथेही मूळ कारण जुन्या-नव्याची सरमिसळ हेच असते. याउलट, कर्नलने पुष्कळ ओळी छापून शेवटी मूळ फाइलप्रणाली सापडत नसल्याची ओरड केली, किंवा एमएमसीच्या वाचनत्रुटींची रांग लावली, तर मात्र कार्डावर संशय घ्यावा.

लॉगिन आले, की खात्री करून घ्यावी. फाइंडमाउंटने मूळ फाइलप्रणाली कुठली आहे ते पाहावे: एमएमसीबीएलके० असेल तर कार्ड, एमएमसीबीएलके१ असेल तर ईएमएमसी. काही जुन्या कर्नलांमध्ये हे क्रमांक अदलाबदल होत असत, म्हणून माझा भरवसा दुसऱ्या एका खुणेवर आहे. एलएसबीएलकेच्या यादीत ज्या उपकरणाच्या नावाला जोडून बूट० आणि बूट१ अशी दोन छोटी भावंडे दिसतात, ते ईएमएमसी. एसडी कार्डाला ती कधीच नसतात. दिव्यांपैकी यूएसआर१ कार्डाच्या हालचालीचा, यूएसआर३ ईएमएमसीचा आणि यूएसआर० हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकणारा असतो, पण हा दुय्यम पुरावा समजावा.

नाव व पासवर्ड अनेक इमेजांत लॉगिनच्या आधीच्या मजकुरातच छापलेले असतात. यूएसबीची तार लावलेली असेल तर बोर्ड बहुधा १९२.१६८.७.२ या पत्त्यावर एसएसएचलाही, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिनलाही, उत्तर देतो. पासवर्ड ताबडतोब बदलावा. १६ जीबीच्या कार्डावर साडेतीन-चार जीबीच दिसू शकतील, कारण इमेजमधील पार्टिशन तेवढेच आहे. ग्रोपार्टने पार्टिशन वाढवून रिसाइझ२एफएसने फाइलप्रणाली त्यात पसरवावी. एफडिस्कने हे हाताने करायचे असेल तर नव्या पार्टिशनचा प्रारंभ-सेक्टर जुन्याइतकाच ठेवणे ही एकच अट आहे. एकाच पार्टिशनच्या त्या इमेजांत तो ८१९२ असतो. बोर्ड बंद करताना पॉवरऑफची आज्ञा द्यावी. ज्यांच्याकडे वीज दिवसातून चारदा जाते त्यांनी लॉग मेमरीत ठेवण्याची आणि नोएटाइमने, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ न नोंदवता, माउंट करण्याची व्यवस्था करावी. लिहिणे जितके कमी, तितकी अवेळी वीज गेल्यावर कार्ड खराब होण्याची शक्यता कमी.

आता दर वेळी एस२ धरून बसायचे का? नाही, दोन मार्ग आहेत. विकासाचे काम चालू असेल तर कार्डावरूनच चालवावे आणि ईएमएमसीतला जुना बूटलोडर पुसून टाकावा, म्हणजे रॉमला तिथे काही सापडत नाही आणि ती आपोआप कार्डाकडे येते. आधी ईएमएमसीची पूर्ण प्रत डीडीने एका फाइलीत काढून सुरक्षित ठेवावी. मग वरच्या खुणेने ईएमएमसीची ओळख पटवून तिच्या सुरुवातीच्या १० एमबीवर शून्ये लिहावीत. यात बूटलोडरसोबत पार्टिशनची नोंदही जाते, म्हणजे जुनी प्रणाली गेलीच, हे जाणूनच करावे. माझ्या मते शिकणाऱ्याने हाच मार्ग धरावा: प्रयोग फसला तर कार्ड बदलले की झाले, आणि बोर्डात लपून बसलेला जुना बूटलोडर पुन्हा आडवा येत नाही.

बोर्ड कुठे तरी कायमचा बसवायचा असेल, शेतातल्या पंपाच्या पेटीत किंवा यंत्राशेजारी, जिथे धक्के आणि धूळ आहे, तिथे ईएमएमसी बरी. खाचेतले कार्ड सैल होण्याचा प्रश्न उरत नाही. त्यासाठी वेगळी फ्लॅशर इमेज घेता येते, किंवा कार्डावरील प्रणाली हवी तशी लावून झाल्यावर यूएन्व्ह फाइलीच्या शेवटाकडे असलेली, फ्लॅशरचा उल्लेख करणारी ओळ उघडी करता येते, म्हणजे तिच्या आरंभीचे हॅशचिन्ह काढायचे. त्या ओळीतील मार्ग आवृत्तीगणिक बदललेला आहे, तेव्हा इतर कुठून नक्कल न करता आपल्याच फाइलीतली ओळ वापरावी. यानंतर गोल जॅकमधून वीज देऊन, एस२ धरून बोर्ड सुरू केला की चारही दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत येत राहतात. काम चालू असल्याची ही खूण आहे. त्या काळात वीज काढू नये. नव्या इमेजांत काम संपल्यावर बोर्ड स्वतःहून बंद होतो, जुन्यांत चारही दिवे स्थिर लागून राहतात. मग आधी कार्ड काढावे आणि त्यानंतरच वीज द्यावी. कार्ड आतच राहिले तर बोर्ड पुन्हा तेच कार्ड उचलून नुकतीच लिहिलेली ईएमएमसी पहिल्यापासून लिहू लागू शकतो.